प्रवेशापूर्वीचे वर्ष : रिकामे की कमाईचे?



जून महिना उजाडला, ‘नीट’चा निकाल लागला, की आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात एक निराळाच रुग्ण येऊ लागतो. त्याला ज्वर नसतो, कास नसतो. परंतु त्याची झोप उडालेली असते आणि अन्नावरची वासना गेलेली असते. सोबत आईवडील असतात. नाडी पाहून होते, जिभेवरचा साम थर पाहून होतो, आणि मग आई हळूच विषयाला हात घालते : “वैद्यबुवा, गुण थोडक्यात कमी पडले. एमबीबीएस मिळत नाही. बीएएमएस मिळेल म्हणतात. आता ते घ्यावे, की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षेला बसवावे?”

हा प्रश्न आपण आयुर्वेदाच्या वैद्याला विचारीत आहोत, याचे भान त्या माउलीला नसते, आणि त्यात तिचा दोषही नाही. तिच्या दृष्टीने बीएएमएस म्हणजे हुकलेल्या गाडीनंतरची दुसरी गाडी. आपणही, खरे बोलायचे तर, त्या क्षणी थोडेसे दुखावतो, थोडेसे हसतो आणि “वर्ष वाया घालवू नका” किंवा “एक वर्षाने काय होते, बसवा पुन्हा” यांपैकी एक उत्तर देऊन पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. निदान केल्यावाचून चिकित्सा करू नये हे ज्या शास्त्राने आपल्याला शिकवले, त्याच शास्त्राचे आपण उपासक अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील एवढ्या मोठ्या प्रश्नावर निदान न करता औषध सांगून मोकळे होतो. मी स्वतः हे अनेक वर्षे केले आहे. त्याची किंमत माझ्या घराने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘गॅप इयर’ आणि ‘ड्रॉप’

हल्ली वर्तमानपत्रांच्या शैक्षणिक पुरवण्यांतून ‘गॅप इयर’ हा शब्द पुष्कळ वाचावयास मिळतो. शालेय शिक्षण संपल्यावर विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष थांबावे, प्रवास करावा, एखाद्या ठिकाणी काम करावे, जग पाहावे आणि मग अभ्यासाला बसावे, अशी ही पद्धत ब्रिटनमध्ये रुजली आणि तेथून इतरत्र पसरली. तेथे विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज करतानाच ‘मी एक वर्षाने येईन’ असे कळवू शकतो. अमेरिकेतील हार्वर्डसारखे विद्यापीठ तर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना वर्षभर थांबण्यास गेली अनेक दशके उत्तेजन देत आले आहे. म्हणजे तेथला विद्यार्थी जागा पदरात पाडून मग थांबतो. त्याच्या थांबण्यात जोखीम नाही.

आपल्याकडचे थांबणे याच्या अगदी उलट आहे. वैद्यकीय प्रवेशापुरते बोलायचे तर ‘नीट’चे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच ग्राह्य असतात. या वर्षी मिळालेली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची सोय नाही. जागा सोडली की ती गेली. पुढच्या वर्षी पुन्हा तीच परीक्षा, पुन्हा तीच गर्दी. २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. २०२५ मध्ये ती संख्या २२ लाखांच्या वर होती. या गर्दीत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उभे राहण्याला आपल्या मुलांनी ‘ड्रॉप घेणे’ असे नाव दिले आहे. शब्द मोठा सूचक आहे. विलायतेतील मुलगा वर्ष ‘घेतो’, आपला मुलगा वर्ष ‘टाकतो’.

आणि हे टाकलेले वर्ष जाते कोठे? लातूर, पुणे, नांदेड नाहीतर थेट राजस्थानातील कोटा. एका खोलीत खाट, टेबल आणि पंखा. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, रविवारी चाचणी. त्या पंख्याबद्दल तर लिहितानाही हात थरथरतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोट्याच्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश काढला, कारण मुले त्या पंख्यांना गळफास घेत होती. जेथे मुलांचे मन सांभाळण्यापूर्वी छताचे पंखे सांभाळावे लागतात, तेथे आपण काय करीत आहोत हे आपण स्वतःला विचारावयास हवे. त्या वर्षाची शारीरिक फळे तर आपण रोज पाहतो : रात्रीजागरणाने बिघडलेला अग्नी, आम्लपित्त, मुलींच्या पाळीची अनियमितता, अकाली गळणारे केस. आपण अविपत्तिकर देतो, शतावरी देतो, शिरोधारा सुचवितो. हेतू मात्र तसाच चालू राहतो.

शास्त्राचा क्रम

मग प्रवेशापूर्वी थांबणे हे मुळातच वाईट म्हणावे काय? येथे मला आपल्याच संहितेकडे वळावेसे वाटते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययनाचा जो क्रम सांगितला आहे तो आपण पाठ केला. परंतु त्याचा अर्थ आपल्या घरातील मुलांना लावून पाहिला नाही. ज्याला वैद्य व्हावयाची इच्छा आहे त्याने आधी आपल्या कार्याचे गौरव आणि लाघव, कर्माचे फळ, त्याचा अनुबंध, देश आणि काल यांचा विचार करावा. नंतर शास्त्राची परीक्षा करावी. मग आचार्याची परीक्षा करावी. आचार्यानेही शिष्याची परीक्षा करावी, आणि अध्ययनाचा आरंभ त्यानंतर. वैद्यांची नाना शास्त्रे लोकांत प्रचलित आहेत आणि त्यांतून निवड करावयाची आहे, हेही आचार्यांनी तेथेच स्पष्ट केले आहे.

या क्रमात परीक्षा आहेतच, पण त्या कोणी कोणाच्या घ्यावयाच्या? आज शासन विद्यार्थ्याची परीक्षा घेते. विद्यार्थी शास्त्राची परीक्षा कधीच घेत नाही. त्याला ती घ्यावयास वेळही नाही आणि जागाही नाही. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात तेव्हा ऋषी त्यांना लगेच उपदेश करीत नाहीत. आधी एक संवत्सर येथे राहा, मग प्रश्न विचारा, असे सांगतात. प्रवेशापूर्वीचे वर्ष ही कल्पना तेव्हा आपल्याला विलायतेतून आणण्याची गरज नाही. आपल्याकडे ती होतीच. फक्त तिचा हेतू नशिबाची परीक्षा पाहणे हा नव्हता, निश्चयाची परीक्षा पाहणे हा होता.

माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे. थांबणे हे स्वतः चांगले नाही आणि वाईटही नाही. एमबीबीएसच्या जागेसाठी नशीब पुन्हा पुन्हा अजमावण्यात जे वर्ष जाते ते बहुधा वाया जाते. आपल्याला वैद्य व्हावयाचे आहे की नाही हे पारखण्यात जे वर्ष जाते ते कमाईचे ठरते, उत्तर ‘नाही’ असे आले तरीही.

घरची दोन उदाहरणे

माझ्या मुलाने २०१७ साली बारावी केली. गुण एमबीबीएसला कमी पडले. घरात तीन पिढ्यांची औषधशाळा, परंतु मीच म्हणालो, “अजून एकदा बस.” २०१८ मध्ये पुन्हा कमी पडले. “आता इतके केलेच आहेस तर आणखी एकदा.” ही वाक्ये माझीच आहेत, ती मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही. २०१९ मध्ये तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा त्याने बीएएमएसचा अर्ज भरला. अर्ज भरताना त्याने मला काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही. महाविद्यालयात तो हुशार म्हणून गणला गेला, परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, २०२५ साली आंतरवासिता पूर्ण केली. आज तो एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी आहे. रात्रभर दुसऱ्या शास्त्राच्या आज्ञा कागदावर उतरवितो आणि सकाळी घरी येऊन झोपतो. काम प्रामाणिकपणे करतो. त्याच्या कष्टांना मी कमी लेखीत नाही. परंतु आमच्या औषधशाळेच्या खलाला त्याचा हात लागत नाही.

एकदा मी त्याला याबद्दल छेडले. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, मी दोन वर्षे थांबलो ती एमबीबीएससाठी. आयुर्वेदासाठी मी एक दिवसही थांबलो नाही. तुम्ही थांबूच दिले नाहीत.” या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

दुसरे उदाहरण माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे. तिने २०२४ साली बारावी केली. ते वर्ष प्रश्नपत्रिका फुटल्याच्या वादाचे, आणि निकालानंतरही अनिश्चित राहिलेले. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेरपरीक्षेची मागणी नाकारली, तोवर मुलांचा जीव टांगणीला लागला होता. पुतणीला बीएएमएसची जागा मिळेल असे दिसत होते. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “काका, मला पुन्हा क्लासला जायचे नाही. पण मला वैद्य व्हायचे आहे का, तेही मला माहीत नाही. मी वर्षभर तुमच्याकडे येऊ का?”

प्रथम मी नकारच दिला. मुलीचे वर्ष, समाज काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल, प्रवेशाच्या वेळी खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल, असे सगळे नेहमीचे आक्षेप माझ्याही तोंडी आले. मग मुलाचे ते वाक्य आठवले, आणि मी होकार दिला. अटी दोन घातल्या. रोज सकाळी तीन तास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची उजळणी. कारण पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावीच लागणार होती. आणि रोज रात्री दैनंदिनीत एक पान : आज काय पाहिले, काय कळले नाही.

औषधशाळेचे सहा ऋतू

एक महिना पुरणार नाही का, असे भावाने विचारले होते. पुरला नसता. का, ते औषधशाळाचालकांना सांगावयास नको, तरीही लिहितो.

द्रव्यसंग्रहणाचा काल कल्पस्थानात सांगितला आहे. कोवळी पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले व फळे आपापल्या ऋतूत. हे वाचून पाठ करण्यास एक मिनिट लागते. पाहण्यास पूर्ण एक वर्ष लागते. पुतणी आली तेव्हा पावसाळा होता. अडुळशाची पाने सावलीत पसरलेली होती, आणि दमट हवेत त्यांना बुरशी येऊ नये म्हणून दिवसातून किती वेळा परतावी लागतात, हे तिने स्वतःच्या हातांनी पाहिले. शरदात साली आल्या. तेव्हा अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल कशी येते, आणि व्यापारी कितीही जुना असला तरी प्रत्येक पोते का उघडून पाहावे, हे तिला कळले. मार्गशीर्षापासून आवळा. पोटलीत बांधलेले आवळे काढ्यात शिजताना, बिया काढताना, गर कापडातून गाळताना, तुपात परतताना हात कोपरापर्यंत भरत. अवलेहाचा पाक झाला की नाही हे घड्याळ पाहून ठरत नाही. तार पाहून, पाण्यात थेंब टाकून ठरते. तेलाचा फेस वर येतो तेव्हा आणि तुपाचा फेस बसतो तेव्हा सिद्धी जवळ आली, आणि कल्काची वात विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही म्हणजे जलांश गेला. हे सारे तिने पुस्तकात वाचण्याआधी कढईत पाहिले.

शिशिरात अश्वगंधेची मुळे आली. फाल्गुनात धायटीची फुले. एकच अरिष्ट थंडीत उशिरा आणि उन्हाळ्यात लवकर का तयार होते, हा प्रश्न तिने मला विचारला नाही. दोन पिंपांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून स्वतःच सोडविला. धनगर, गुराखी आणि वनवासी लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी आदरपूर्वक नोंदविले आहे. आमच्याकडे मुळ्या घेऊन येणारी एक वृद्ध बाई आहे. पुतणी तिच्यासोबत चार वेळा डोंगरात गेली. त्या चार दिवसांत ती जे शिकली ते शिकविण्याची माझी योग्यता नाही.

दवाखान्यात मात्र मी तिला मर्यादेत ठेवले. रुग्णाची अनुमती असेल तरच कोपऱ्यात बसावे, बोलू नये, बाहेर कोणाचे नाव काढू नये. औषध सांगणे दूरच, पुडीही माझ्या किंवा औषधनिर्मात्याच्या देखरेखीवाचून बांधावयाची नाही. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारखी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये ज्या कपाटात असतात त्याची किल्ली तिच्या हाती कधी दिली नाही. हे लिहून ठेवतो, कारण उत्साहाच्या भरात हा विवेक सुटला तर एका दुर्घटनेने साऱ्या उपक्रमाला काळिमा लागेल.

वर्ष संपले. ४ मे २०२५ रोजी तिने परीक्षा दिली. गुण आधीच्या वर्षाइतकेच मिळाले. बीएएमएसला पुरेसे होते. आणि तिने बीएएमएस घेतले नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला गेली.

भाऊ माझ्यावर रागावला. “वर्ष गेले आणि वैद्यही झाली नाही,” असे तो आजही म्हणतो. मी तिला कारण विचारले. तिने दैनंदिनी पुढे केली. तीनशेहून अधिक पानांत द्रव्यांविषयी भरभरून लिहिले होते. रुग्णांविषयीची पाने कोरडी होती. “काका, मला झाड समजून घ्यायला आवडते. माणसाचे दुःख रोज ऐकायला बसण्याचे बळ माझ्यात नाही. ते तुमच्यात आहे, हे मी वर्षभर पाहिले,” असे ती म्हणाली. आता सांगा, हे वर्ष वाया गेले काय? माझ्या मते एक अनिच्छेने झालेला वैद्य या वर्षाने वाचविला आणि आयुर्वेदाला पुढेमागे एक जाणती द्रव्यपरीक्षक मिळण्याची शक्यता निर्माण केली. माझ्या मुलाला साडेपाच वर्षांनंतर जे कळले ते हिला एका वर्षात कळले.

आक्षेपांचा विचार

या विचारावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप असा, की हे औषधशाळा असलेल्या घरांना ठीक. ज्या घरात मुलाची कमाई लवकर सुरू होणे आवश्यक आहे, त्यांना एक वर्ष कसे परवडावे? याचे उत्तर असे, की त्यांनी वर्ष थांबू नयेच. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘नीट’ मे महिन्यात होते आणि आयुष शाखांच्या प्रवेशफेऱ्या गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या पुढे लांबत गेल्या आहेत. म्हणजे परीक्षेनंतर पाच-सहा महिने मूल घरात बसून याद्या पाहत असते. हे अर्धे वर्ष कोणी मागितलेले नाही, पण ते पदरात पडतेच. शेजारच्या तालुक्यातील एक मुलगा याच काळात आमच्याकडे येत होता. त्याने जागा सोडली नाही, शुल्क बुडविले नाही, एकही दिवस गमावला नाही. आणि पहिल्या दिवशी महाविद्यालयात गेला तेव्हा गुळवेल आणि मंजिष्ठा डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने आणि वासाने ओळखत होता. नव्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षाच्या आरंभी पंधरा दिवसांचा संक्रमणकालीन अभ्यासक्रम ठेवला आहे, हे स्तुत्य आहे. परंतु तोवर निर्णय झालेला असतो. पारख त्याच्या आधी हवी.

दुसरा आक्षेप : औषधशाळेच्या कामात मन गुंतले की परीक्षेचा अभ्यास मागे पडणार. हे खरे आहे. पुतणीचे गुण वाढले नाहीत, हे मी लपविलेले नाही. ज्याला एमबीबीएसच करावयाचे आहे त्याने औषधशाळेत येऊ नये. त्याचा मार्ग निराळा आणि तोही सन्मान्य आहे. दोन डगरींवर पाय ठेवण्याचा आणखी एक प्रकार आपण महाविद्यालयांत पाहतो : बीएएमएसला प्रवेश घ्यावयाचा आणि पिशवीत भौतिकशास्त्राचे पुस्तक ठेवून संहितेच्या तासाला बसावयाचे. त्यात पदार्थविज्ञानही बुडते आणि भौतिकशास्त्रही. शिवाय जी जागा खऱ्या इच्छुकाला मिळाली असती ती अडते.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘शिकविण्याच्या नावाखाली फुकटचे हात मिळविण्याचा हा मार्ग नाही ना?’ असे एका तरुण वैद्याने मला विचारले. आपल्या व्यवसायातील काहींचा पूर्वेतिहास पाहता हा संशय निराधार म्हणता येत नाही. वर्षभर बाटल्या धुवायला लावून शेवटी पाठीवर थाप देणे म्हणजे अध्यापन नव्हे. म्हणून वेळ ठरलेली असावी, येण्याजाण्याचा व भोजनाचा खर्च औषधशाळेने द्यावा, आणि मूल केव्हाही सोडून जाण्यास मोकळे असावे.

कोणी थांबावे

तेव्हा पुढच्या जूनमध्ये ती माउली आपल्या दवाखान्यात येईल तेव्हा आपण काय सांगावे? सरसकट उत्तर देऊ नये. मुलाला थोडा वेळ एकटे बसवून तीन गोष्टी विचाराव्यात.

गुण कमी पडले त्याचा हेतू काय? ऐन परीक्षेच्या सुमारास आजारपण आले, घरात मृत्यू झाला, तयारीच उशिरा सुरू झाली, असा बाहेरचा आणि दूर होणारा हेतू असेल, तर एक वेळ पुन्हा बसण्यात अर्थ आहे. दोन वर्षे सर्व साधने असूनही अंतर मोठे राहिले असेल, तर तेच औषध तिसऱ्यांदा देण्यापूर्वी वैद्याने थांबावे.

थांबण्याची इच्छा कोणाची? आईबापांची असेल तर थांबू नये. हे मी अनुभवाने लिहितो.

आणि वर्षाच्या शेवटी, जागा मिळो वा न मिळो, हाती काय उरेल? याचे उत्तर मुलाला देता येत नसेल, तर ते वर्ष उधारीचे आहे.

ज्याला वैद्यच व्हावयाचे आहे आणि जागा मिळते आहे, त्याने एक दिवसही थांबू नये. मिळालेले मधले महिने वापरावेत आणि प्रवेश घ्यावा. ज्याचे मन खरोखर द्विधा आहे आणि घर एक वर्ष पेलू शकते, त्याने थांबावे. पण क्लासच्या खोलीत नव्हे, तर जेथे हे शास्त्र जगते तेथे.

आपले कर्तव्य

ती जागा देणे आपल्या हाती आहे. म्हणून आपल्या संघटनेपुढे तीन सूचना विचारार्थ ठेवतो.

एक, प्रत्येक जिल्ह्यातील ज्या वैद्यांची आणि औषधशाळाचालकांची एक किंवा दोन मुलांना वर्षभर अथवा प्रवेशापूर्वीचे काही महिने सोबत ठेवण्याची तयारी असेल, त्यांची यादी याच त्रैमासिकाच्या वर्षारंभीच्या अंकात प्रसिद्ध व्हावी. दोनापेक्षा अधिक मुले कोणीही घेऊ नयेत. तिसरे मूल आले की वर्ग होतो, आणि वर्ग झाला की शुल्क येते.

दोन, या उपक्रमाचे प्रमाणपत्र देऊ नये. प्रमाणपत्र आले की त्याचा बाजार आला. मुलाने लिहिलेली दैनंदिनी हेच त्याचे प्रमाण.

तीन, बीएएमएसला प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्यास, त्याने मागितल्यास, एक वर्ष प्रवेश स्थगित ठेवण्याची मुभा असावी, असे निवेदन संघटनेने राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाकडे पाठवावे. हे सोपे नाही, जागावाटपाचे गणित त्याने गुंतागुंतीचे होईल, याची मला जाणीव आहे. परंतु मागणी केल्यावाचून चर्चाही होणार नाही.

आपण दरवर्षी अधिवेशनात खंत व्यक्त करतो की आयुर्वेद महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक पदवीधर आयुर्वेदाचा व्यवसाय करीत नाहीत. या खंतीचे मूळ पदवीच्या वर्षात शोधून सापडणार नाही. ते प्रवेशाच्या आधीच्या त्या जूनमध्ये आहे, जेव्हा एक मूल आपल्यासमोर बसले होते आणि आपण घाईत होतो.

माझ्या औषधशाळेतील एक खुर्ची येत्या जूनपासून रिकामी ठेवली आहे. रात्रपाळी संपवून मुलगा परवा सकाळी आला, त्या खुर्चीत थोडा वेळ बसला आणि पुतणीची दैनंदिनी चाळत राहिला. काही बोलला नाही. मीही या वेळी काही सुचविले नाही. त्याला हवा तेवढा वेळ त्याने घ्यावा.